नऊशे ग्रॅमची ऊब

हिमालयातून आल्यावर जो तो विचारतो, काय काय बघितलं? मी सांगते, आधी एक स्लीपिंग बॅग बघितली. लोक हसतात. हसू द्या. साठी ओलांडलेली, बारा महिने गारठलेली आणि पाठीवर पाच किलोच्या वर उचलायची मनाई असलेली नणंद घेऊन ज्याला बर्फापर्यंत जायचंय, त्याला माझी गोष्ट उपयोगी पडेल. बाकीच्यांनी नुसती करमणूक म्हणून वाचावी.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला आणि त्या कन्नडजवळच्या माहेरच्या मळ्यावर परत आल्या, त्या कायमच्याच. मी अठराव्या वर्षी त्या घरात सून म्हणून आले, तेव्हा "पोरगी हुशार हाय, तिला चुलीला जुंपू नका," असं माझ्या सासऱ्यांना तोंडावर सांगणाऱ्या अक्काच. तेव्हाच्या औरंगाबादेत मी डी.एड. करत होते, त्या दोन वर्षांत माझा तान्हा मुलगा त्यांनी वाढवला. आज मी गारखेड्याच्या शाळेत बाई म्हणून मिरवते, ते त्यांच्या जिवावर. आणि या बाईनं इतक्या वर्षांत माझ्याकडं एकच गोष्ट मागितली.

"सुमन, मला एकदा बर्फात उभं रहायचंय. टीव्हीत नाय. माझ्या पायावर."

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी अक्कांचं थायरॉइडचं दुखणं, मणका, सगळं बघितलं आणि म्हणाले, चाला खुशाल. पण पाठीवर पाच किलोच्या वर नको, आणि थंडी अंगात शिरू द्यायची नाही. आता आली का पंचाईत! ज्यानं ऊब द्यायची ते सगळं जड, आणि जे हलकं त्यात ऊब नाही. सामान खेचरावर टाकायची सोय होती म्हणा. पण अक्का म्हणाल्या, "माझं वझं मीच नेणार. तेवढं जमलं तर येते, नाय तर घरी बरी." त्यांच्यापुढं आजवर कुणाचं चाललंय?

डिसेंबर, शहरातली पायपीट

पहिल्या दुकानदारानं एक गुबगुबीत लोड काढून काउंटरवर आपटला. "मॅडम, मायनस दहापर्यंत बिनधास्त!" उचलून बघितलं तर दोन किलोच्या वर. आत पॉलिएस्टर. म्हणजे अक्कांच्या पाच किलोंतले दोन निजण्यातच गेले. शिवाय लेबल उलटून वाचलं तर तिथं दोन आकडे. एक मोठ्या अक्षरात, एक बारीक. मोठा आकडा म्हणजे माणूस रात्रभर कुडकुडत का होईना, निभावून नेतो तो. सुखानं झोप लागते तो बारीक अक्षरातला. बाईमाणसानं तर बारीकच बघावा, कारण आपल्याला गारठा लवकर लागतो. हे त्या दुकानदाराला माहीत नव्हतं की माहीत असून सांगायचं नव्हतं, देव जाणे. मी चष्मा लावून त्याला वाचून दाखवलं, तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मग कळलं की हलकं आणि गरम दोन्ही पाहिजे तर 'डाउन' घ्यावं लागतं. डाउन म्हणजे बदकाच्या नाहीतर हंसाच्या छातीवरची, पिसांच्याही आतली मऊ लव. अक्कांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं बाई! त्या पाखराला थंडी वाजत नसंल का?" नव्या बॅगांच्या किमती बघून तर माझे डोळेच पांढरे झाले. दोन दिवस मी तो विषयच सोडून दिला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मोबाइल घेऊन बसले.

शेवटी दोन बॅगा हाताशी आल्या. एक नवी, मोबाइलवरून मागवलेली, स्वस्तातली, दहा दिवसांत परत करता येण्यासारखी; तिच्यावर सोनेरी अक्षरांत डाउन असं लिहिलेलं. दुसरी जुनी. हर्सूलला तलावाच्या बाजूला राहणारी प्राजक्ता नावाची एक मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली होती, तिची. तीन वर्षं वापरलेली, कडेला एक ठिगळ, रंग विटलेला. नवी घ्यावी तर भरवसा नाही, जुनी घ्यावी तर मन मानेना. मी दोन्ही रिक्षात घातल्या आणि सिटी चौकामागं रशीदभाईंच्या गादी कारखान्यात गेले. आमच्या घरच्या सगळ्या गाद्या त्यांच्या हातच्या.

रशीदभाई सत्तरीचे. अंगावर, भुवयांवर, दाढीवर कापूस. त्यांनी बॅगा दोन बोटांनी उचलून बघितल्या.

"भाबी, ये कायका माल है?"

"बदकाची पिसं, भाई."

"मेरेकु बदक का नई मालूम. भरनेका मालूम." असं म्हणून त्यांनी हात धुतले, पुसले, डोळे मिटले आणि नवी बॅग चिमटीत घेऊन कापडाच्या आत बोटं चालवायला लागले. दळण बघताना आपण पीठ चिमटीत घेतो, तसं. मग एका जागी थांबले. "ये देखो. डंडी. चुभ्री." मी हात लावला. खरंच, आत बारीक काड्या टोचत होत्या. लव थोडी आणि पिसांचे देठच फार. मग त्यांनी दोन्ही बॅगा जमिनीवर पसरल्या, दोन्हींवर कोपर रोवून सगळा भार दिला आणि सोडून दिलं. "अब चाय पियेंगे."

आम्ही चहा प्यायलो. नवी जिथं दाबली होती तिथं खळगा तसाच. आणि ती विटकी, ठिगळाची जुनी बॅग! तव्यावरची भाकरी फुगावी तशी ती आमच्या डोळ्यांदेखत उठत गेली, आधी कडेनं, मग मधून, अगदी सावकाश, कुणी हात न लावता. रशीदभाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी ती कापसाच्या काट्यावर टाकली. काटा नऊशे ग्रॅमवर थांबला. त्यांनी काटा झटकून पुन्हा वजन केलं. पुन्हा नऊशे.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. "इत्ते में तो मेरा तकिया नई भरता."

पन्नास वर्षं कापूस पिंजलेला माणूस त्या बॅगेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. मला काय झालं कुणास ठाऊक, पण माझ्या अंगावर काटा आला. वस्तू घ्यायला गेले होते आणि देवळात उभी असल्यासारखी उभी होते. नवी त्याच दिवशी परत पाठवली.

जानेवारी, कन्नड

बाजाराच्या दिवशी एसटीनं कन्नडला गेले. अक्का सॅक भरूनच बसल्या होत्या. ती तशीच पाठीवर टाकून आम्ही बाजारात गेलो आणि ओळखीच्या धान्यवाल्याच्या काट्यावर ठेवली. सात किलो दोनशे! उघडून बघते तर आत पितळी तांब्या, मेथीचे लाडू, अख्खी साबणाची वडी, मूठभर सुपारी आणि अडकित्ता.

"अक्का, अडकित्ता?"

"राहू दे गं. अर्ध्या पावाचा पण नसंल."

एकेक जिन्नस बाहेर काढत गेलो तशी भोवती गर्दी जमली. "काकू, लाडू हिकडं द्या, वझं हलकं करतो," असं म्हणत धान्यवाल्यानं दोन खाल्लेसुद्धा. स्लीपिंग बॅग धरून शेवटी काटा चार किलो आठशेवर आला. अडकित्ता आत राहिला. तो कसा राहिला हे मला अजूनही कळलेलं नाही, मी स्वतः बाहेर काढला होता.

संध्याकाळी मळ्यावरच्या गच्चीत चाचणी. घाटावरून असा वारा येत होता की कुत्रीसुद्धा भिंतीला चिकटून बसलेली. अक्का नऊवारीचा काष्टा सावरत बॅगेत उतरल्या. मी चेन ओढली, तर ती मध्येच कापडात अडकली. मी ओढतेय, त्या आतून हसतायत, आणि पायऱ्यांवर शेजारची बाई "अगं माय, अक्काला काय झालं?" म्हणून धावत आलेली. चेन सुटायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात आतून आवाज: "सुमन, उघड. भट्टी पेटली जणू."

बाहेर काढल्या तर कपाळावर घाम. पावसाळ्यातसुद्धा स्वेटर घालणारी बाई! त्यांनी ती पिशवी हातावर तोलली. "हिच्यात तर काईच नाय गं," म्हणाल्या. "मग ऊब येती कुठून?"

मलाही तोच प्रश्न छळत होता. खरं सांगते, डोळ्यांनी बघूनही माझं मन धजेना. आम्ही मराठवाड्याची माणसं. आमच्याकडं पांघरूण अंगावर पडलं की कळलं पाहिजे. जेवढी वाकळ जड, तेवढी ऊब जास्त, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. कन्नडची थंडी ती केवढी, आणि तिकडं तर बर्फ! म्हणून मेमध्ये निघायच्या आदल्या दिवशी मी गुपचूप एक काम केलं. अक्कांच्याच जुन्या लुगड्यांची सात पदरी वाकळ घडी करून माझ्या सॅकच्या तळाशी घातली. वजन माझ्या पाठीवर, अक्कांना कळायचं कारण नाही. मला वाटलं, केवढी मी शहाणी.

मे, देवदारांच्या गावात

रेल्वे आणि बसचे तीन दिवस गाळते. गाव हिमाचलातलं, नाव लिहीत नाही, लिहिलं की तिथं गर्दी व्हायची. लाकडी घरं, पाटीच्या दगडांची छपरं आणि गल्लीगल्लीतून धावणारं पाणी. पाणी एवढं की नळाला तोटीच नाही, अखंड वाहतंय. आमच्याकडं आठवड्यातून एकदा पाणी येतं तेव्हा बादल्यांच्या रांगा लावतो आम्ही. अक्का त्या धारेसमोर उभ्या राहिल्या आणि शेवटी न राहवून त्यांनी कुठूनसा एक चिंधीचा बोळा आणून ती बंद करायचा प्रयत्न केला. गावातल्या बायका पोट धरून हसल्या.

आमची वाटाड्या बिमला. चाळिशीची, गालावर उन्हाचे लाल डाग, बोलणं कमी. तिनं सिड्डू खायला घातला. वाफवलेला, आत अक्रोडाचं सारण, वरून तुपाची धार. "आपल्या नागपंचमीच्या दिंडाचा भाऊ की हा," म्हणत अक्कांनी तीन खाल्ले, आणि बदल्यात बिमलाला शेंगदाण्याची चटणी दिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं पुन्हा मागितली. जमलं दोघींचं. निघताना मात्र बिमलानं अक्कांचा हात हातात धरून गार पडलेल्या बोटांकडं बघितलं आणि मला बाजूला घेऊन तिच्या हिंदीत बजावलं. "दीदी, पहिल्या मुक्कामावर दोन रात्री थांबायचं. तिथं यांना थंडी सोसली तर पुढं बर्फावर. नाही सोसली तर खाली. मी ऐकणार नाही कुणाचं."

पहिला मुक्काम

दिवसभर चढलो. देवदार संपले, भूर्ज आले, मग तेही संपले आणि एकदम हिरवं कुरण उघडलं. मी आजवर डोंगर म्हणजे आमच्या घाटाचे, दौलताबादचे बघितलेले. ते माणसाला ओळखतात. हे ओळखत नव्हते. समोर पांढरी भिंत आभाळात गेलेली, आणि ती इतकी गप्प की आपण धापा टाकतोय याचीच लाज वाटावी. अक्कांनी सॅक उतरवली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. पाठीवर चार किलो आठशे घेऊन ती त्रेसष्टीची बाई तिथवर आली होती, एकदाही "सुमन, थांब" न म्हणता.

सूर्य डोंगराआड गेला तसा गारठा पडला. मी अक्कांना दोन स्वेटर आणि कोट घालून बॅगेत घातलं, चेन लावली, आणि मग विजयी मुद्रेनं माझी वाकळ काढली.

"हे कधी आणलंस?" अक्का चकित.

"विचारू नका. निजा आता."

सात पदरी वाकळ त्यांच्या अंगावर पसरली, चारी बाजूंनी खोचली आणि मी सुखानं झोपले.

सकाळी बघते तर अक्कांचे ओठ काळेनिळे. दातांवर दात आपटत होते. मी हात धरले तर बर्फ. "काई नाय गं, जरा लागली थंडी," असं त्या म्हणत होत्या, पण शब्द तुटत होते. बिमलानं गरम पाणी पाजलं, हातपाय चोळले. तासाभरानं ओठांना रंग आला तेव्हा ती उठली आणि सरळ म्हणाली, "आज की रात और देखूँगी. ऐसा फिर हुआ, तो सुबह नीचे."

अक्का मान खाली घालून बसल्या. आयुष्यात नवरा गेला, दुष्काळ आले, पण मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. "माझ्यापायी तुझं पण राहिलं," असं त्या मला म्हणाल्या. मला! मला रडूच फुटलं. त्या जुन्या बॅगेवर, प्राजक्तावर, रशीदभाईंवर, स्वतःवर, सगळ्यांवर चिडले. स्वस्तात घ्यायला गेले आणि अक्कांचं एकुलतं एक मागणं मातीत घातलं असंच वाटलं.

ऊन आल्यावर बिमला अंथरुणं वाळत घालायला तंबूत शिरली. तिनं वाकळ उचलली आणि हाताला हिसका बसल्यासारखी थांबली. "ये ऊपर थी?"

"हो. जास्त ऊब मिळावी म्हणून."

तिनं मला बाहेर बोलावलं. खडकावर बॅग पसरली. चपटी, निपचित, धिरड्यासारखी पडली होती बिचारी. बिमलानं ती दोन्ही हातांनी अलगद झटकली, चापट्या मारून आतले गोळे मोकळे केले आणि उन्हात सोडली. आम्ही दोघी उकिडव्या बसून बघत राहिलो. ती फुगली.

"दीदी, गरमी ये थैली नहीं देती," बिमला म्हणाली. "इसके अंदर रुकी हुई हवा देती है. आपने तो रात भर हवा का गला दबाया."

रशीदभाईंच्या कारखान्यात मी हेच बघितलं होतं, डोळे फाडून बघितलं होतं, आणि तरी माझ्या हातानं मी ती बॅग वरून वाकळीनं आणि आतून तीन-तीन जाड कपड्यांनी चेपून टाकली होती. प्रेमानं. अक्कांना गारठवलं ते हिमालयानं नव्हे, मी. त्यांच्याजवळ गेले आणि सांगून टाकलं. मला वाटलं त्या रागावतील. त्या वाकळीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुला तरी कसं सुचावं? आपल्यात तर असंच असतं की."

बिमलाच्या घरी जाड, जड लोकर खाली अंथरतात आणि हलकं ते वर घेतात. ऊब जमीन खाते, म्हणाली, आभाळ नाही. त्या संध्याकाळी वाकळ गेली अक्कांच्या पाठीखाली. अंगात एकच लोकरी बनियन आणि कोरडे मोजे. वर ती नऊशे ग्रॅमची फुगलेली बॅग, आणि तिच्यावर काहीही नाही. हात शिवशिवत होते माझे, काहीतरी पांघरावं म्हणून. बिमलानं माझी शालसुद्धा काढून घेतली.

पहाटे चहा आला तेव्हा मी जागीच होते. शेजारी अक्का हलत नव्हत्या. "अक्का," मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. बॅगेची टोपी बाजूला करून मी हात आत घातला.

आत मे महिन्यातली कन्नडची दुपार होती.

"काय गं," अक्का झोपेतच पुटपुटल्या, "निजू दे की जरा. किती दिवसांनी पाय गरम झालेत." माझा जीव भांड्यात पडला. मी तंबूबाहेर येऊन बसले आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन उतरताना बघितलं. तंबूवर दहिवर गोठून काचा झाल्या होत्या, आणि पातळ कापडाच्या एका पिशवीत, पाखरांच्या लवेत अडकलेल्या थोड्याशा हवेनं एक माणूस रात्रभर जिवंत, ऊबदार ठेवला होता. डोंगर मोठा की ती हवा मोठी, मला सांगता येईना. मी दोघांनाही हात जोडले.

वर

बिमलानं अक्कांची बोटं तपासली आणि नुसती मान हलवली. निघालो. तीन तास चढ होता. शेवटच्या वळणावर बिमला बाजूला झाली आणि अक्कांना पुढं केलं.

समोर बर्फ. आधी डोळेच उघडेनात. नजर जाईल तिथवर पांढरं, त्यावर एक रेघ नाही, एक पाऊल नाही. वारासुद्धा थांबलेला. मला वाटलं होतं अक्का हसतील, रडतील, निदान "अगं बाई" म्हणतील. त्या काठावर उभ्या राहिल्या आणि पुढं जाईनात.

"अक्का, चला की. एवढ्यासाठी तर आलो."

"एवढं स्वच्छ," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर चपलाबुटानं जायचं?"

आणि खाली बसून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडायला सुरुवात केली. बूट काढले. मोजे काढले, घडी करून बुटात ठेवले. मी बिमलाकडं बघितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण तिनं बोटं वर करून दाखवलं, दोन. दोन मिनिटं.

माझे हात आपोआप शालीकडं गेले. निम्मं वर्ष मी फक्त या बाईला थंडी लागू नये एवढाच विचार केला होता. अक्कांनी वळून माझ्याकडं बघितलं. "नको," म्हणाल्या. "आता लागू दे."

अनवाणी पायांनी त्या बर्फात उभ्या राहिल्या. मी शाल परत खांद्यावर घेतली आणि त्यांना थंडी वाजू दिली.